आई फोटोत नाही

पिल्लाच्या आधी माझी नजर भिंतीवरच्या सॉकेटवर गेली. भाचीने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला होता, "मावशी, बघ ना गं!" म्हणत. स्क्रीनवर गोल्डन रिट्रीव्हरचं एक पिल्लू लाकडी जमिनीवर बसून, मान वाकडी करून बघत होतं. जाहिरातीत लिहिलं होतं: कोथरूड, ३२ दिवसांचं, प्युअर ब्रीड, हेवी बोन, मदर-फादर दोन्ही इम्पोर्टेड, किंमत आठ हजार, फ्री होम डिलिव्हरी. आणि पिल्लाच्या पाठीमागच्या सॉकेटला दोन उभ्या चिरा आणि खाली एक भोक. कोथरूडच्या कुठल्याही घरात तसलं सॉकेट मी पाहिलेलं नाही. मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या कुणालाही ते ओळखू येईल. पहिल्या रात्री चार्जर हातात घेऊन आपण त्याच्यासमोर मख्खासारखे उभे राहिलेलो असतो.

भाओजींनी दोन हजार टोकन आधीच पाठवून दिलं होतं. त्यावर दुसरा मेसेज आला होता की पिल्लू बंगळुरूहून विमानाने निघतंय, प्रवासाच्या क्रेटचे साडेचार हजार भरा, पिल्लू हातात पडलं की परत मिळतील. कोथरूडचं पिल्लू बंगळुरूला कशाला गेलं, असं मी त्यांनाच विचारायला लावलं. "सर हमारा ब्रांच है." व्हिडिओ कॉल करा म्हटलं तर कॅमेरा खराब. पुढच्या पायऱ्याही ठरलेल्या असतात. क्रेट झालं की विमा, विम्यानंतर विमानतळावरचा कसला तरी दाखला, आणि मग पिल्लू तिथे उपाशी अडकलंय, लवकर भरा, नाहीतर तुमच्यावरच प्राण्यांचे हाल केल्याची केस होईल. तिथेही माणूस थांबला, तर "पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असा शेवटचा हात मारायचा. पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही, हे रोज भाजीवाल्याला यूपीआय करणाऱ्या माणसालाही त्या क्षणी आठवत नाही. मी म्हटलं, १९३०ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, आत्ताच्या आत्ता फोन लावा, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवले जायची शक्यता जास्त. भाओजी म्हणाले, "दोन हजारांसाठी? लोक हसतील." या धंद्याचं निम्मं भांडवल ते 'लोक हसतील' हेच असावं.

गूगल लेन्सवर तो फोटो टाकला. तेच पिल्लू, तीच वाकडी मान, तेच सॉकेट. इंदूरला बारा हजार, लखनौला सात, कोइमतूरला पंधरा. ताई कपाळावर हात मारून स्वयंपाकघरात गेली. भाओजी बँकेचा मेसेज पुन्हा पुन्हा उघडून बघत बसले. भाची मात्र फोटोकडेच बघत होती. रडली नाही, चिडली नाही. एवढंच म्हणाली, "मग हे पिल्लू खरं कुठे आहे?"

मला उत्तर देता आलं नाही.

त्या रात्री झोप येईना. पिल्लू कुठेतरी होतंच. कुणाच्या तरी घरात, कुणीतरी हौसेने त्याचा फोटो काढला. ते मोठं झालं असेल, कदाचित म्हातारं होऊन मेलंही असेल, आणि इकडे ते वर्षानुवर्षं ३२ दिवसांचंच राहून दर आठवड्याला कुणाच्या तरी घरी येणार आहे. मग उठून मी तसल्या जाहिराती एकामागून एक बघत बसले. खोट्या, आणि ज्या खऱ्या असाव्यात त्याही. टोपलीतली पिल्लं, सॅटिनच्या उशीवरची पिल्लं, गळ्यात बो बांधलेली, चहाच्या कपात बसवलेली. किमतीसाठी डीएम करा. पग, शिह त्झू, पॉमेरेनियन, पुण्या-मुंबईच्या मे महिन्यात एसीशिवाय धापा टाकणारे हस्की. दोन्ही तऱ्हांच्या जाहिरातींत काहीतरी सारखं आहे असं वाटत राहिलं आणि काय ते पहाटेपर्यंत कळेना. मग कळलं. एकाही फोटोत आई नव्हती.

आमच्या लहानपणी आईशिवाय पिल्लू दिसायचंच नाही. कराडला वाड्यामागे गोवऱ्यांच्या हुडव्याच्या आडोशाला कुणाची ना कुणाची कुत्री व्यायची. आजी गुळाचा शिरा करून बाळंतिणीसाठी पानावर ठेवून यायची आणि आम्हाला दम द्यायची, डोळे उघडेपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. आम्ही फिरकायचोच. ओल्या शेणाचा, दुधाचा आणि पिल्लांच्या पोटाचा एक गरम, आंबूस वास तिथे असायचा. कुत्री बारीक गुरगुरायची. पण आजी सोबत असली की गप्प. एखादं पिल्लू कुणी मागायला आलं की आजोबा त्याला उलटं करून नखं मोजायचे, जास्तीचं नख निघालं तर माणसाला मिशीतल्या मिशीत हसून दाखवायचे. न्यायची वेळ मात्र आजी ठरवायची. "तीच पिल्लांवर गुरगुरायला लागली की न्या. तोवर नाही." पिल्लांचे दात टोचायला लागले की कुत्री उठून जाते, अंगावर येणाऱ्याला झटकते, ते सहा-सात आठवड्यांच्या आसपास. भावंडांना चावून, त्यांचा चावा खाऊन, कितपत जोरात चावायचं हे पिल्लं याच दिवसांत शिकतात. २०१७च्या केंद्राच्या कुत्रेपैदास आणि विक्रीच्या नियमांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. आजीचं आणि सरकारचं जवळपास एकच मत पडलेलं पाहून गंमत वाटली.

त्या दिवसांना सोन्याचा मुलामा द्यायची मात्र माझी तयारी नाही. सहा पिल्लांपैकी लोक दोन-तीन नर न्यायचे. माद्या कुणाला नको असायच्या. मग एक दिवस एक पोतं आणि एक सायकल दिसायची, आणि संध्याकाळी कुत्री हुडव्याभोवती हुंगत फिरायची. पोतं कुठे गेलं हे आम्ही विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही. लशीचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. नाकडोळे वाहणारी, मग तोंडाला फेस येऊन झटके देणारी पिल्लं आम्ही पाहिलेली आहेत. त्याला डिस्टेंपर म्हणतात हेही फार उशिरा कळलं. तेव्हा पिल्लाला किंमत नव्हती. आता आहे, आणि तरी माद्यांचं नशीब फारसं पालटलेलं दिसत नाही.

आता '३० डेज ओल्ड पप्पीज अवेलेबल' असं बिनधास्त लिहिलेलं असतं. म्हणजे नियम मोडल्याची कबुली जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत. विकणाऱ्याचा हिशेब सरळ आहे. महिन्याचं पिल्लू सर्वांत गुबगुबीत दिसतं, अजून फारसं खात नाही, पहिल्या लशीचा खर्च यायचा असतो. आणखी महिनाभर ठेवलं तर खाणं वाढतं, घाण वाढते, आजारी पडलं तर आपल्याच गळ्यात. घेणाऱ्यालाही तेच हवं असतं. "लहान असलं की लळा लागतो," हे वाक्य मी इतक्या शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की आता वाद घालत नाही.

आमच्या आधीच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक पग आला होता. जाहिरातीतल्या त्या मोबाइल कंपनीच्या पगने अख्ख्या देशाला वेड लावलं होतं, त्या काळातली गोष्ट. शनिवारी आला, सगळ्या मजल्यांवरची पोरं बघायला गेली. बुधवारी जिन्यात एक वास आला, लोखंडासारखा आणि कुजकट, एकदा नाकात बसला की विसरत नाही असा. पार्व्हो, पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, म्हणजे पिल्लू विकणाऱ्याच्या दारातून हसतखेळत बाहेर पडतं आणि आपल्या घरी येऊन आजारी होतं. सलाईन लावलं, वाचलं नाही. विकणाऱ्याने तक्रारीचा सूरही न ऐकता 'रिप्लेसमेंट' देऊ केली, मिक्सर बिघडला तर देतात तशी. त्यांनी घेतली. कुणी त्यांना सांगितलं नाही की हा विषाणू घरातल्या फरशीवर महिनोन्महिने टिकतो, नेहमीच्या फिनाइलला दाद देत नाही, ब्लीचच लागतं, आणि तरी लशींचे सगळे डोस झाल्याशिवाय दुसरं पिल्लू त्या घरात आणायचं नसतं. दुसरा पगही गेला. त्यानंतर त्यांचं दार पुष्कळ दिवस बंद असायचं.

इंग्लंडमध्ये राहणारी माझी एक मैत्रीण आहे, मूळची सांगलीची. ती म्हणाली, आमच्याकडे तर पिल्लू आईसोबत दाखवल्याशिवाय विकताच येत नाही. तिथे एप्रिल २०२०पासून तसा कायदा आहे, लूसीज लॉ नावाचा; मधल्या दलालांना सहा महिन्यांखालची पिल्लं विकता येत नाहीत. लूसी ही कॅव्हेलियर जातीची कुत्री. वेल्समधल्या एका पैदास-फार्मवरून २०१३मध्ये तिला सोडवलं तेव्हा वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहून तिचा पाठीचा कणा वाकला होता, खुब्याचे सांधे धरले होते. तीन वर्षांनी ती गेली. कायद्याला तिचं नाव मिळालं. मी मैत्रिणीला म्हटलं, वा. ती म्हणाली, "वा काय? आता लोक खोटी आई आणून दाखवतात." भाड्याची, शेजारची, कुठलीही त्याच जातीची मादी समोर बसवायची. म्हणून बघणाऱ्यानेही जरा बघायला शिकावं लागतं. पिल्लं तिच्याकडे धावतात का. तिची आचळं ओघळलेली आहेत का. पिल्लू उचललं की तिची मान वळते का.

हे ऐकून ठेवलेलं महिन्याभरातच कामाला आलं.

फसवणूक झाल्यावर भाओजींनी ठरवलं की आता ऑनलाइन पैसे नाहीत, प्रत्यक्ष जाऊनच घ्यायचं. जाहिरात अर्थात ऑनलाइनच सापडली. सोलापूर रस्त्यावरून आत वळून एक जागा होती. पुढची खोली झकपक. एसी, काचेच्या कपाटात ट्रॉफ्या, आणि फिनाइलचा वास इतका की डोळे चुरचुरले. प्लास्टिकच्या टबात चार पिल्लं. मालक गोड बोलणारा, भाचीला "बेटा" म्हणणारा. विथ पेपर पस्तीस हजार, विदाउट पेपर बावीस. पेपर मागाहून येतील. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो. पिल्लू कुठल्या अंधारात वाढलं ते त्यावर नसतं, हे त्याला कोण विचारणार? ब्रीडर म्हणून नोंदणी झाल्याचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायचं असतं. भिंतीवर गणपती होता, प्रमाणपत्र नव्हतं. पंचेचाळीस दिवसांची आहेत म्हणाला. मी एकाच्या तोंडात बोट घातलं. सुळे नुकते टोचायला लागलेले, मागे अजून गुळगुळीत हिरडी. महिन्याची असतील फार तर. लशीचं कार्ड मागितलं. लस टोचली की बाटलीवरचं छोटं स्टिकर काढून कार्डावर चिकटवतात, त्यावर बॅच आणि मुदत छापलेली असते. इथे बॉलपेनाची एक खूण आणि एक फिकट शिक्का, नोंदणी क्रमांक नसलेला.

"आईला बघू या?" मी म्हटलं.

मदर फार्मवर आहे, म्हणाला. मग माझा चेहरा पाहून एका पोऱ्याला हाक मारली आणि तो एक कुत्री घेऊन आला. चमकदार, विंचरलेली, शांपूचा वास येणारी. पिल्लांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तिनेही नाही. तिचं पोट सपाट, घट्ट. ती येऊन भाओजींच्या बुटांशी बसली. पाठीमागून मात्र मघापासून भुंकणं ऐकू येत होतं, एका-दोघांचं नव्हे. मी बाथरूम विचारलं आणि दाखवलेल्या दारातून न जाता शेजारच्या दारातून मागे गेले.

पत्र्याची शेड. दुपारची वेळ, त्यामुळे आतली हवा अंगावर आली. ओळीने पिंजरे, खाली जाळी, जाळीखाली ट्रे. शेवटून दुसऱ्या पिंजऱ्यात एक गोल्डन रिट्रीव्हर होती. गोल्डन म्हणायचं ते सवयीने. कोपरांचे केस जाऊन कातडी राखाडी, जाड झालेली. नखं इतकी वाढलेली की वळली होती. आचळं जाळीला टेकत होती आणि एका आचळातून दूध गळत होतं. नियम म्हणतात, मादीला दीड वर्षाच्या आत लावायचं नाही, आठ वर्षांनंतर नाही, लागोपाठच्या दोन हंगामांत नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं नाहीत. या कुत्रीची वेतं कुणी मोजली असतील असं वाटलं नाही. मला पाहून ती उठली, जाळीपाशी आली आणि शेपटी हलवायला लागली. गुरगुरली असती तर मला सोपं गेलं असतं.

बाहेर आले तर भाचीच्या मांडीवर एक पिल्लू झोपलं होतं. मी भाओजींना बाजूला घेऊन सांगितलं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "मग घेऊनच टाकू. निदान ह्याची तरी सुटका होईल." भाओजी वाईट माणूस नाही, मनापासूनच बोलत होते. मलाही आतून तेच वाटत होतं. पण बावीस हजार त्या टेबलावर ठेवले की मागच्या शेडमधल्या तिला पुढच्या हंगामात पुन्हा लावणार, हे दोन अधिक दोनइतकं सरळ होतं. आम्ही उठलो. भाचीने पिल्लू टबात ठेवलं, ते जागं होऊन कुंई करून ओरडलं, आणि हडपसर येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. हडपसरच्या सिग्नलला ती म्हणाली, "त्याला दुसरं कुणीतरी घेईलच ना?" घेईलच. ते पिल्लू जगलं की नाही मला माहीत नाही. त्याला तिथेच ठेवून येणं बरोबर होतं हे मी कुणालाही पटवून देऊ शकते. रात्री अडीच वाजता स्वतःला पटवताना मात्र त्या हिशेबात एक कुंई शिल्लक राहते. जिल्ह्याच्या प्राणिक्लेश प्रतिबंधक समितीकडे फोटोंसह तक्रार केली. पोच आली आहे.

चांगले लोक आहेत, नाहीत असं नाही. त्यांची ओळख म्हणजे ते विकायला उत्सुक नसतात. मुळशीकडच्या एक बाई वर्षा-दोन वर्षांतून एखादंच वेत घेतात. त्यांना फोन केला तर किंमत सांगायच्या आधी त्यांनी आमचीच उलटतपासणी घेतली. घरी दिवसभर कोण असतं? भाड्याचं घर की स्वतःचं? आजी-आजोबांना चालणार आहे का? सकाळी फिरवणार कोण, नाव सांगा. मुलगी दहावीला गेल्यावर कोण? गावाला गेलात तर? पिल्लू नाहीच सांभाळता आलं तर दुसरीकडे द्यायचं नाही, मला परत आणून द्यायचं, हे लिहून देणार का? भाओजी रागावले. पैसे देऊन वर मुलाखत? मुलगी दाखवायला नेल्यासारखं काय हे? ताई शांतपणे म्हणाली, "पण सकाळी फिरवणार कोण, ते सांगा ना." त्यावर घरात जी चर्चा झाली ती इथे लिहिण्यासारखी नाही. बाईंनी व्हिडिओ कॉलवर त्यांची कुत्री दाखवली, ती सोफ्यावर उताणी झोपलेली होती. पिल्लं सध्या नाहीत, म्हणाल्या. पुढच्या वर्षी घेतलंच वेत तर कळवीन; तोवर एकदा येऊन तिला भेटून जा, तिला तुम्ही आवडलात तर बघू.

भाचीने लगेच वहीत बाईंचे प्रश्न उतरवून त्यांची उत्तरं लिहायला घेतली. खालच्या पार्किंगमध्ये वॉचमनच्या खोलीमागे एक कुत्री व्यायली आहे आणि पिल्लांची आई अगदी समोर, चोवीस तास हजर आहे, हे मी दोनदा सुचवून पाहिलं. "मावशी, विचार चालू आहे," असं उत्तर आलं. भाओजींना मात्र दम निघत नाही. दर रविवारी एखादी जाहिरात ते मला पाठवतातच. परवाची लॅब्रॅडॉरची होती. ३४ दिवस, हेवी बोन, शो क्वालिटी, लिमिटेड स्टॉक. मी नेहमीप्रमाणे लिहिलं, आईचा व्हिडिओ मागा. त्यांनी मागितला, आणि उत्तराचा स्क्रीनशॉट मला पाठवला: "मदर भी अवेलेबल है सर. रेट अलग लगेगा."